धरलेलं स्थळ

“ते धरलंय. पुढचं बघा.”

आवाज शांताताईंचा. ग्वाल्हेरातल्या मुरारच्या मराठा वधूवर मंडळाच्या खोलीत लाकडी कपाटाला पाठ लावून त्या बसायच्या, आणि जात्यातून पीठ पडावं तसा त्यांचा आवाज पडायचा. सावकाश, बारीक, न तुटता. सूर्याजी तेव्हा पंचवीसचा होता. आईसाहेबांना घेऊन तो त्याच शहरातल्या लश्करहून टेंपोने आला होता, आणि बायकांच्या बोलण्यात मुलाने बसू नये म्हणून त्याला दाराशी, चपलांजवळ, एक स्टूल मिळालं होतं. तिथून कपाट दिसत नव्हतं आणि कार्डंही दिसत नव्हती. एक मुलगी तांब्या-पेला घेऊन आली, पेला देताना निम्मं पाणी त्याच्या पायांवर सांडलं आणि हसत आत पळाली, तेवढी दिसली. बाकी सगळं नुसतं ऐकायचं. कुणी कार्डाकडे हात नेला की शांताताई म्हणायच्या, “ते धरलंय. पुढचं बघा.”

मुरारची रीतच तशी होती. एखाद्या घराने एखादं स्थळ मागितलं की त्याचं कार्ड टेबलावर पालथं घालायचं, आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. एकाच मुलीची बोलणी दोन घरांशी चालवणं म्हणजे एकाच ताटात दोन पाहुणे बसवणं, असं शांताताई म्हणत. कार्ड पालथं घालताना त्या स्वतःशी गुणगुणतही:

पालथी घातली वाटी, नको बाई उचलूस
पाहुणा येतो म्हणाला, चूल नको विझवूस

निघताना आईसाहेब म्हणाल्या, “कळवते.” शांताताई म्हणाल्या, “कळवा.” मग मायलेक टेंपोत बसले आणि लश्करला आले. आईसाहेबांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. सूर्याजीने विचारलं नाही. मुलाने विचारायचं नसतं.

हे सगळं आता सांगायचं कारण म्हणजे कॉम्प्युटर.

मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा रायपूर-बिलासपूरच्या मंडळींनी आपलं वेगळं वधूवर मंडळ काढलं आणि जाताना आपली सगळी मुलं-मुली यादीतून उचलून नेली. लश्करची यादी रोडावली, मुरारचीही रोडावली. तेव्हा इतकी वर्षं एकमेकांकडे चहासुद्धा न घेणाऱ्या या दोन मंडळांनी एक व्हायचं ठरवलं. लश्करवाले स्वतःला राजवाड्याच्या सावलीतले समजत, मुरारवाले छावणीतले शिपाईगडी. कोण कुणात विलीन झालं हा प्रश्न निघू नये म्हणून सगळ्या वस्तू दोन ठेवल्या. लश्करच्या टोपी बाजारात वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात दोन घड्याळं लागली, आणि मुरारचं पाच मिनिटं पुढे असल्यामुळे मुरारवाले रोज पाच मिनिटं आधी उठत. अध्यक्षही दोन. लश्करचे जयसिंहराव आणि मुरारचे कान्होजीराव. त्यांच्या खुर्च्यांची उंची सुतार आणून सारखी करून घेतली होती.

कॉम्प्युटर मात्र एकच. मधोमध कोनाड्यात एक मोठं यंत्र, त्यात दोन्हीकडची सगळी स्थळं. आणि त्याला जोडलेल्या चार खिडक्या, म्हणजे पडदा-कळफलकाच्या चार जागा. लश्कर एक, लश्कर दोन, मुरार एक, मुरार दोन. ही सगळी मांडणी सूर्याजीरावांची. हो, आता ते सूर्याजीराव झाले होते. एका सरकारी खात्याच्या संगणक विभागात नोकरी, चव्वेचाळीस वय, कानांवर थोडी पांढरी, आणि लग्न व्हायचं राहिलेलं. दर रविवारी बसून त्यांनी मंडळासाठी प्रोग्राम लिहिला होता, फुकट. आईसाहेब शेजारणींना सांगत, “जगाची लग्नं जमवतो आमचा सूर्या. हलवाई आपल्या दुकानातलं खात नाही ना, तसं.”

मुरार दोनवर लीलाताई बसत. शांताताईंची मुलगी. आई गेल्यावर कपाट तिच्याकडे आलं, आणि एकीकरणात कपाटाबरोबर ती लश्करला आली. चाळिशीची, बोलायला तिखट, सुती साडीला रोज कडक इस्त्री. सगळं मंडळ त्यांना लीलाताई म्हणे. सूर्याजीरावांना तो ‘ताई’ काही केल्या तोंडातून निघत नसे. ते “अहो, ते…” अशी सुरुवात करत आणि बहुतेक वेळा तिथंच संपवत. मुरार दोनची वायर ढिली झाली आहे का, हे ते आठवड्यातून दोनदा वाकून बघत. ती कधीच ढिली झालेली नव्हती.

तर, यंत्र चालेना. म्हणजे चाले, पण आपल्या मर्जीने. वधूपिता येऊन बसायचा, वय, उंची, शिक्षण सांगायचा, लश्कर दोनवरची विमल सगळं भरून ‘शोधा’ दाबायची, आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ येऊन बसायचं. वधूपिता चहा घ्यायचा. दुसरा घ्यायचा. शेजारी ताटकळलेल्या वरपित्याशी ओळख काढायचा. एकदा अशी ओळख इतकी वाढली, की यंत्राने उत्तर देण्याआधी दोघांची सोयरीक ठरली. जयसिंहरावांनी ते लग्न मंडळाच्या यशात लिहून घेतलं. सूर्याजीरावांच्या मनाला ते लागलं.

“अंकल, ये फिर अटक गया,” विमल रोज म्हणायची. “मी तर काही केलं पण नाही. नुसता हात लावला.”

कान्होजीराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, “आमच्या कपाटाला बटण नव्हतं, पण दार उघडलं की स्थळ हातात.”

“कपाटाला वाळवी लागलेली होती,” जयसिंहराव म्हणाले.

“वाळवी लागली होती, पण वाट नव्हती बघावी लागत.”

बोलता बोलता असं ठरलं, की तुळशीची लग्नं झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मेळावा आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर भिंतीवर हा शोध करून दाखवायचा. नाही जमलं, तर एकीकरण रद्द, आणि मुरार आपलं कपाट आणि आपली माणसं घेऊन परत जाईल. कपाट गेलं तर सूर्याजीरावांना दुःख नव्हतं. माणसं, या शब्दावर मात्र त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता ग्वाल्हेरमध्ये एखाद्याची चीज बिघडली, की ती दुरुस्त होण्याआधी सगळ्या मोहल्ल्यात पाहुणी जाऊन येते. शेजारचे रमाकांतपंत टपाल खात्यातून निवृत्त झाले होते आणि सल्ले द्यायला त्यांना तिकीट लागत नसे. ते म्हणाले, “सूर्याजीराव, यंत्राला गर्मी झाली आहे. तुम्ही त्याला कोनाड्यात कोंबलंय. माणूस नाही का परेशान होत?” त्यांनी स्वतःच्या घरचा कूलर आणला, त्यात नवी खस भरली आणि तोंड कोनाड्याकडे करून लावला. सगळा दिवाणखाना वाळ्याच्या वासाने भरून गेला. वधूपिते खूश झाले. दोन दिवसांनी यंत्र एकदम मुकं झालं. पडाव मोहल्ल्यातून दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, ओलं बोट सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, “इसको नहलाया किसने?”

रमाकांतपंत त्या वेळी खिडकीतून किल्ला बघत होते.

यंत्र वाळलं, पण चाल तीच. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या ध्यानात आली. वीज जाऊन आली, की यंत्र थोडा वेळ हरणासारखं पळे. ‘शोधा’ दाबलं की स्थळं हजर. मग हळूहळू पुन्हा मरगळ. वीज त्या दिवसांत जाण्यात कसर करत नव्हती, तरी जयसिंहरावांना ती कमी वाटली. ते फौजेत सुभेदार होते. त्यांनी हुकूम सोडला, की दर तासाला मेन स्विच खाली करायचा आणि वर करायचा. हा उपाय फक्त एकच दिवस चालला. त्या दिवशी अर्धवट भरलेल्या तीन नोंदी गेल्या. त्यातल्या एकीत वडील उरले आणि मुलगा नाहीसा झाला. ते वडील दुसऱ्या दिवशी येऊन मुलगा मागत होते.

तेव्हा सूर्याजीरावांनी ठरवलं, आता नाडी बघायची.

प्रत्येक खिडकी यंत्राशी बोलते तेव्हा तिची एक बैठक सुरू होते. कोणती बैठक कधीपासून चालू आहे, ती काय मागते आहे, आणि कुणामागे ताटकळली आहे, हे यंत्राला बाहेरून विचारता येतं. नोकरीत ते त्यांचं रोजचं काम होतं. त्यांनी समितीपुढे उभं राहून समजावलं, की यंत्र आळशी नसतं. कुणीतरी वाटेत बसलेलं असतं, आणि कोण, ते पाहायला बैठकांवर पाळत ठेवावी लागेल.

त्यांनी ‘पाळत’ शब्द वापरला आणि तिथंच दोन आठवडे गेले.

“कुणावर पाळत?” कान्होजीरावांनी विचारलं. “मुरारवर?”

“चारही खिडक्यांवर.”

“म्हणजे मुरारवरपण.”

“कान्होजीराव, लश्करवरही,” जयसिंहराव म्हणाले. “आम्ही काही लपवत नाही.”

“लपवायला काही असावं लागतं.”

शेवटी ‘पाळत’च्या जागी ‘देखरेख’ घालून ठराव मंजूर झाला. मग यादीत पहिली ओळ कुणाची, यावर चर्चा झाली. सम तारखेला लश्कर वर, विषम तारखेला मुरार वर, असं ठरलं. सूर्याजीरावांनी तो भाग प्रोग्राममध्ये लिहिला. नोकरीच्या एवढ्या वर्षांत असली सूचना त्यांना कुठल्याही साहेबाने दिली नव्हती, पण त्यांचा अभिमान अशा वेळी खाली मान घालून उभा राहायला शिकला होता.

देखरेख सुरू झाली. मेळाव्यासाठी भाड्याने आणलेला प्रोजेक्टर तिथंच पडून होता. जयसिंहराव म्हणाले, भिंतीवर दिसू द्या, सगळ्यांचा सल्ला मिळेल. आणि भिंतीवर, क्षणाक्षणाला बदलत, अक्षरं उमटू लागली: लश्कर एक पाहत आहे, मोहित्यांचा थोरला. मुरार एक पाहत आहे, जाधवांची धाकटी.

दुसऱ्या दिवसापासून दिवाणखान्यात बसायला जागा मिळेना. कोण कुणाचं स्थळ बघून राहिलंय, हे ग्वाल्हेरात आजवर बायकांना देवळात, हळदीकुंकवात, दाल बाजारातल्या दुकानांवर कणाकणाने गोळा करावं लागत होतं. ते आता भिंतीवर सरळ वाहत होतं. बायका स्वेटर विणत बसू लागल्या. उमाजीरावांच्या मुलाची नोंद एका दुपारी चार घरांनी उघडली, ते उमाजीरावांनी स्वतः पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या चालण्यात फरक पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीच्या शिक्षणाची अट एका पदवीने वाढवली. आईसाहेब पहिल्या रांगेत असत. तीन दिवस बघून त्या घरी म्हणाल्या, “सूर्या, तुझी नोंद आहे ना रे त्यात?”

“आहे.”

“उघडत नाही कुणी.”

सूर्याजीरावांनी वरण पुन्हा वाढून घेतलं.

यंत्र तर आता पहिल्यापेक्षाही मंद झालं. सूर्याजीरावांनी नाडी बघितली आणि कपाळाला हात लावला. भिंत दर सेकंदाला विचारत होती, कोण काय करतंय? शिवाय दोन्ही अध्यक्षांनी आपापल्या खिडकीवरही हीच देखरेख उघडून ठेवली होती. स्थळं शोधण्यापेक्षा यंत्राचा सगळा वेळ या एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यात जात होता. ग्वाल्हेरातल्या कुठल्याही सुखी घरासारखी त्याची अवस्था झाली होती.

त्यांनी भिंतीचा वेग कमी केला. स्थळांची नावं काढून फक्त क्रमांक ठेवले, तेव्हा स्वेटरवाल्या बायका उठून गेल्या. आणि एक नवा रकाना घातला: कोण कुणासाठी थांबलंय. तो रकाना भिंतीवर आला, आणि गोष्ट उघडी पडली. लश्कर एक थांबलं होतं मुरार दोनसाठी. लश्कर दोन थांबलं होतं मुरार दोनसाठी. मुरार एकसुद्धा आपल्याच बहिणीसाठी थांबलं होतं. मुरार दोन मात्र कुणासाठी थांबलं नव्हतं. सकाळी दिवा लावावा तशी काही स्थळं ‘बदल’ करायला उघडून ते नुसतं शांत बसलं होतं.

शोध घेताना यंत्र यादीतल्या प्रत्येक स्थळावर ‘पाहिलं’ अशी एक खूण करत पुढे जाई. वाटेत कुणी बदलायला उघडलेलं स्थळ आलं, की खूण करता येत नसे. मग ते तिथंच, दारात उभ्या राहिलेल्या सभ्य माणसासारखं, आतला मोकळा होईपर्यंत थांबे. वीज गेली की मुरार दोनची बैठक तुटे, सगळी दारं उघडत, यंत्र पळे. वीज आली की लीलाताई पुन्हा एकेक स्थळ उघडून ठेवत.

सूर्याजीराव वायर बघायच्या निमित्ताने वाकले. “अहो, ते… तुम्ही काही स्थळं उघडून ठेवता का?”

“धरलीत,” लीलाताई म्हणाल्या.

ते वाकलेले तसेच राहिले. तोच आवाज. जात्यातलं पीठ.

“मागणी आली की पालथं घालायचं. आईने शिकवलंय. तुमच्या यंत्रात पालथं घालायला जागा कुठं आहे? उघडून ठेवलं की दुसऱ्याला उघडता येत नाही, एवढं मला समजलं. मग काय, तेच पालथं.”

सूर्याजीरावांना राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट त्या रविवारी बसून त्यांनी प्रत्येक नोंदीत एक चौकोन केला: ‘धरलं आहे’. तो टिचकीने भरायचा, शेजारी कोणत्या घरासाठी ते लिहायचं, जतन करायचं, आणि दार मोकळं सोडायचं. लश्करवाल्यांनाही त्यांनी चौकोन दाखवला. विमल म्हणाली, “पण अंकल, आपल्यात तर असं काही नसतं. आठ दिवसांत उत्तर नाही आलं, तर खत्म.” लश्करची रीत तशीच होती. गप्प बसलेल्याला कुणी पुन्हा विचारत नसे.

लीलाताईंनी सगळे चौकोन भरले. एक सोडून.

“हे एक राहिलं,” सूर्याजीराव म्हणाले.

“ते राहू दे.”

“पण एकानेसुद्धा सगळं अडतं. शोध वरून खाली येतो आणि इथंच…”

“चौकोन भरला की कुणासाठी धरलंय ते सगळ्यांना दिसणार. हे सगळ्यांना दाखवायचं नाही मला.”

“मग सोडून द्या.”

“उत्तर आलं नाही अजून.”

“कधी येणार?”

“ज्यांनी द्यायचं त्यांना विचारा,” लीलाताई म्हणाल्या आणि अशा हसल्या, की सूर्याजीरावांनी उगाच आपल्या पायांकडे बघितलं. पाय कोरडे होते.

धरलेलं स्थळ वगळून पुढे जा, असंही यंत्राला सांगता येतं. सूर्याजीरावांना ते ठाऊक होतं. तसं का केलं नाही याचं तांत्रिक कारण त्यांनी समितीला दिलं, ते समितीला कळलं नाही. खरं कारण इतकंच, की मग मुरार दोनशी बोलायला काही उरलं नसतं.

दुसऱ्याचं पालथं कार्ड उलथून बघू नये, हे त्यांना मान्य होतं. पण निदानासाठी बघावं लागतं, असं त्यांनी मनाला दोन दिवस समजावलं आणि एका दुपारी लश्कर एकवर आपल्या नावाने बैठक उघडून त्या क्रमांकाची नोंद मागितली. वाळूचं घड्याळ आलं. आणि मागे भिंतीवर, दोन्ही अध्यक्ष, विमल, रमाकांतपंत आणि तीन वधूपित्यांसमोर, हातभर अक्षरांत उमटलं:

सूर्याजी. मुरार दोनसाठी थांबले आहेत.

 प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत होता.

“किती वेळ झाला?” कान्होजीरावांनी विचारलं.

“तिकडे लिहून येतं,” जयसिंहराव म्हणाले. “वाढतंय अजून.”

“अंकल,” विमल हळूच म्हणाली, “दीवार पे आ रहा है.”

सूर्याजीरावांनी एवढ्या घाईने वायर ओढली, की लश्कर दोनही बंद पडलं. लीलाताईंनी मान वर केली नाही. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, असं रमाकांतपंतांनी मागून सगळ्यांना सांगितलं.

मेळाव्याचा दिवस उजाडला. दिवाणखान्यात गालिचे, अत्तर, तिळाच्या गजकचे पुडे. दोन्ही अध्यक्षांनी सारखे फेटे बांधले होते. आईसाहेब जरीकाठी नेसून पहिल्या रांगेत. सूर्याजीरावांनी आदल्या दिवशी लीलाताईंना “अहो, ते… रविवारी तेवढं…” असं म्हणून पाहिलं होतं, आणि त्या “बघते” म्हणाल्या होत्या. आता त्या मुरार दोनवर बसलेल्या होत्या, पडद्याकडे पाहत, हात मांडीवर.

पहिला मान उमाजीरावांच्या मुलाचा. विमलने सगळं भरलं आणि ‘शोधा’ दाबलं.

वाळूचं घड्याळ आलं. फेटे स्थिर. वाळू पडत राहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “सो गया क्या?” भिंतीच्या खालच्या भागात देखरेख होती, आणि तिथं ओळ होती: लश्कर दोन, मुरार दोनसाठी थांबलं आहे. मुरार दोन, सकाळपासून.

दोनशे माणसांनी लीलाताईंकडे पाहिलं.

“कपाट उतरवायला हमाल बोलावतो,” कान्होजीराव उठत म्हणाले.

“हमाल कशाला? सूर्याजीराव, ती बैठक तोडता येते ना तुम्हाला?” जयसिंहराव म्हणाले. “तोडून टाका. हुकूम आहे.”

तोडता येत होती. सूर्याजीरावांच्या पडद्यावर त्या ओळीपुढे बटण होतं. ते दाबलं की मुरार दोन सुटलं असतं, यंत्र पळालं असतं, मेळावा वाचला असता आणि कपाट टोपी बाजारातच राहिलं असतं. त्यांनी बोट बटणावर ठेवलं आणि मुरार दोनकडे बघितलं.

“अहो, ते… तोडलं तर चालेल का?”

लीलाताई उभ्या राहिल्या. “तोडलं, तर त्याचा अर्थ नकार होतो. आमच्याकडे धरलेलं स्थळ मागणी घालणाऱ्यानेच सोडायचं असतं. द्यायचा असेल नकार, तर द्या. तुमचा हक्क आहे.”

“माझा?”

“सूर्या, थांब,” पहिल्या रांगेतून आईसाहेब म्हणाल्या. “बोट काढ तिथून. ते आपलं आहे.”

सूर्याजीरावांनी बोट काढलं आणि कुठं ठेवावं ते न सुचून खिशात घातलं.

“मुरारला गेलो होतो ना आपण,” आईसाहेब म्हणाल्या. त्या सगळ्या सभेला नाही, एकट्या मुलाला सांगत असाव्यात तशा बोलत होत्या, पण जिन्यापर्यंत ऐकू जात होतं. “शांताताईंनी आपल्याच लेकीचं कार्ड बाकीच्यांत घालून पुढे केलं. मला मुलगी पसंत पडली. मी कळवते म्हणाले. घरी तुझे आबासाहेब म्हणाले, मुरारची सोयरीक करायला लश्करात मुली संपल्यात काय? मला ‘नाही’ कळववेना. ‘हो’ कळवायची छाती नव्हती. मी गप्प बसले. आपल्याकडे गप्प बसलं, की समजून घेतात.”

“आमच्याकडे गप्प बसलं, की बोलणी चालू आहेत असं धरतात,” कान्होजीराव म्हणाले.

“हे एकीकरणाच्या मसुद्यात यायला हवं होतं,” जयसिंहराव म्हणाले.

आईसाहेबांनी दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. “लीला, मी कळवते म्हणाले होते. आता कळवते आहे. पण मी त्याला तेव्हाही विचारलं नव्हतं, आजही विचारलेलं नाही. तू विचार.”

“मी कसं विचारू?” लीलाताई म्हणाल्या. “मुलीने विचारायचं नसतं.”

भिंतीवर वाळूचं घड्याळ पुन्हा उलटलं. सूर्याजीराव घसा साफ करून म्हणाले, “अहो, ते…” आणि थांबले. सगळा दिवाणखाना त्या शब्दापाशी त्यांच्याबरोबर थांबला. विमलने ओठ दाताखाली धरला.

“अहो, ते… वायर कधीच ढिली नव्हती,” सूर्याजीराव म्हणाले. “आमचा होकार आहे. माझा.”

लीलाताई खाली बसल्या. पदर नीट केला. कार्ड सरळ करावं तशा सावकाश त्यांनी त्या चौकोनात टिचकी मारली, शेजारी घराचं नाव लिहिलं आणि ‘जतन करा’ दाबलं. भिंतीवरची मुरार दोनची ओळ पुसली गेली, आणि इतका वेळ दारात उभी असलेली स्थळं एकामागून एक धडाधड भिंतीवर आली. भिंत पुरेना, तेव्हा जयसिंहरावांच्या फेट्यावरही दोन उमटली. उमाजीरावांनी मोजायला सुरुवात केली.

“मुलीकडचं काय?” कान्होजीराव म्हणाले. आता ते वधूपक्ष झाले होते, आणि तो भार त्यांना शोभत होता. “आमच्या मुरारचं उत्तर अजून यायचंय.”

“कळवते,” लीलाताई म्हणाल्या.

सूर्याजीरावांचा चेहरा पाहून रमाकांतपंतांनी त्यांच्यापुढे गजकचा पुडा धरला.

“किती दिवसांत कळवशील?” आईसाहेबांनी विचारलं. “माझं वय झालंय गं.”

लीलाताईंनी माठातून पेला भरला, लश्कर एकपर्यंत आल्या आणि तो सूर्याजीरावांच्या हातात दिला. या वेळी थेंबही सांडला नाही.

“मधे चार घरं येऊन गेली. सगळ्यांना मी धरलंय म्हणून सांगितलं,” त्या म्हणाल्या. “माझा होकार मी त्याच दिवशी आईला दिला होता. पाणी सांडून आत आले, तेव्हाच. पुढे कुणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही.”